एक भाव बदलला आणि अख्ख्या टेबलला हळद लागली: बदललेले सेल रंगवताना होणारा नेहमीचा गोंधळ

हा प्रॉब्लेम माझ्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तोंडांनी आलाय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी कळतं कुठे हात घालायचा. कुणी म्हणतं सगळंच पिवळं झालं, कुणी म्हणतं स्क्रोल केल्यावर रंग भलत्याच ओळीत गेला, कुणी म्हणतं रंग येतो पण जातच नाही, आणि एक जण तर म्हणाला की "तुमचा प्रोग्रॅम मी खिडकी खाली पाडून वर आणली की वेडा होतो". चौघांचं दुखणं एकच आहे, फक्त ते बाहेर वेगवेगळ्या जागी पडतं. एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी आमचा सेटअप सांगतो म्हणजे उदाहरणं डोळ्यासमोर राहतील. कांदा व्यापाऱ्यांसाठी भावाचं शीट आहे. ओळीत बाजार समिती, म्हणजे लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, सोलापूर वगैरे, आणि आडवे कॉलम म्हणजे जात (लाल, उन्हाळी, पोळ), आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. डेस्कटॉपवर हे जावा स्विंगच्या (खिडक्या-बटणं बनवायची जावाची जुनी लायब्ररी) जेटेबल नावाच्या तक्त्यात चालतं (हो, अजून स्विंग, आणि छान चालतंय, हसू नका) आणि फोनवर तेच अँड्रॉइडच्या रिसायकलरव्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रोल होणारी यादी दाखवणाऱ्या कंपोनंटमध्ये. मागणी साधी होती, लिलाव चालू असताना दर बदलला की तो सेल पिवळा व्हावा आणि थोड्या वेळाने विझावा. मी अर्ध्या दिवसात करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिककडच्या एका अण्णांचा फोन, "सर, तुमच्या शीटला हळद लागलीय. सगळंच पिवळं. आता यात नवरी कुठली ते आम्ही कसं ओळखायचं?"

आधी स्विंगचं

जेटेबलमध्ये पाचशे ओळी आणि सहा कॉलम असले तरी तीन हजार लेबलं बनत नाहीत. एका प्रकारच्या कॉलमसाठी एकच रेंडरर (सेल रंगवून दाखवणारा ऑब्जेक्ट) असतो, तलाठ्याच्या टेबलावरच्या रबरी शिक्क्यासारखा. टेबल त्याला सांगतं की ही व्हॅल्यू घे, आणि मग या चौकोनात उमट, मग पुढची व्हॅल्यू, पुढचा चौकोन. चौकोनात जे दिसतं तो फक्त ठसा, तिथे कुठलाही जिवंत कंपोनंट बसलेला नाही. म्हणून "तो सेल पिवळा कर" असं करताच येत नाही. तुम्ही करताय ते "शिक्का पिवळा कर" आणि एकदा शिक्क्याला हळद लागली की ती पुढच्या प्रत्येक कागदावर उमटणार.

माझा पहिला कोड असा होता की डीफॉल्ट-टेबल-सेल-रेंडरर एक्स्टेंड केला, सुपरला (मूळ क्लासच्याच मेथडला) कॉल केला, आणि खाली एक इफ लावला, सेल बदललेला असेल तर सेट-बॅकग्राउंड पिवळा. एल्स नाही. मला वाटलं सुपर दर वेळी रंग पूर्वपदावर आणतच असेल. आणतो, पण इथे एक मेख आहे जी सोर्स उघडून बघेपर्यंत मला माहीत नव्हती. डीफॉल्ट-टेबल-सेल-रेंडररचा सेट-बॅकग्राउंड ओव्हरराइड केलेला आहे, तुम्ही दिलेला रंग तो "सिलेक्ट नसलेल्या सेलचा रंग" म्हणून स्वतःजवळ जपून ठेवतो, आणि पुढच्या सेलला सुपर चालला की टेबलाचा रंग न लावता तोच जपलेला पिवळा लावतो. म्हणजे आपणच त्याला सांगितलं की आजपासून पिवळा हाच नॉर्मल. सेट-फोरग्राउंडचंही अगदी तसंच.

आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे फॉन्ट. सुपर दर वेळी टेबलाचा फॉन्ट पुन्हा लावतो, त्यामुळे बदललेला सेल बोल्ड केला तर तो इकडेतिकडे सांडत नाही, एल्स नसला तरी चालून जातं. माझ्या टीममधल्या पोराने आधी बोल्ड करून बघितलं, चाललं, मग त्याच जागी रंग टाकला आणि बिघडलं, आणि बिचारा दोन तास रंगाच्या क्लासमध्ये बग शोधत बसला. टूलटिप आणि आयकॉन मात्र सुपर साफ करत नाही, तेही सांडतात. "आधीचा दर इतका होता" असं टूलटिप बदललेल्या सेलवर लावलं असेल तर एकदा न बदललेल्या सेलवर माउस नेऊन बघा, दुसऱ्याच गावाचा जुना दर दिसेल, आणि हे रंगापेक्षा भयंकर आहे कारण रंग चुकलेला दिसतो तरी, चुकीचा आकडा खरा वाटतो.

आता अण्णांना सगळं पिवळं दिसलं आणि मला माझ्या मशीनवर का नाही दिसलं? कारण मॉडेलमधून (टेबलाचा डेटा सांभाळणारा भाग) एकाच सेलची बातमी दिली (फायर-टेबल-सेल-अपडेटेड) की टेबल साधारणपणे तेवढाच चौकोन पुन्हा रंगवतं. बाकीचे सेल आधीच पांढरे उमटलेले आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही, त्यामुळे टेस्ट करताना सगळं झकास. शिक्का मात्र आतून पिवळा झालेला आहे. मग युजर खिडकी मिनिमाईज करून परत आणतो किंवा स्क्रोल करतो, टेबल पहिल्यापासून उमटायला लागतं आणि हळद बाहेर येते. रंगवणं ओळीने होतं, वरून खाली, म्हणून कधीकधी विचित्र चित्र दिसतं की अमुक ओळीपर्यंत पांढरं आणि तिथून खाली पिवळं. असं अर्धं-अर्धं दिसलं तर दुसरीकडे शोधूच नका, शिक्काच आहे. दुसरी खूण म्हणजे आकड्यांचे कॉलम पिवळे आणि बाजार समितीच्या नावाचा कॉलम स्वच्छ. आकड्यांचा रेंडरर वेगळा, मजकुराचा वेगळा, ज्याला हळद लागली त्याचेच कॉलम रंगणार.

उपाय दोन ओळींचा आहे. रेंडररमध्ये सुपरच्या आधी सेट-बॅकग्राउंड नल (म्हणजे "काहीच नाही"), सेट-टूलटिप-टेक्स्ट नल, मग सुपर, मग इफ बदललाय तर पिवळा. नल दिल्याने जपून ठेवलेला रंग पुसला जातो आणि सुपर टेबलाचा मूळ रंग शोधतो. बरेच जण एल्समध्ये थेट पांढरा रंग लिहितात, तेही चालतं, पण निंबस लुक वापरत असाल तर एकाआड एक ओळींच्या ज्या हलक्या पट्ट्या असतात त्या जातात, आणि मग "आमच्या पट्ट्या कुठे गेल्या" असा नवा फोन येतो. नलच द्या. आणि सिलेक्ट केलेल्या ओळीत पिवळा लावायचा का हे ठरवून घ्या. लावला तर सिलेक्शन मोडल्यासारखं दिसतं, नाही लावला तर बदल दिसत नाही. आम्ही तिथे फक्त बोल्ड करतो.

रेंडरर डीफॉल्ट-टेबल-सेल-रेंडररवरून न करता साध्या जेलेबलवरून केला असेल तर सेट-ओपेक ट्रू लागतं, नाहीतर रंग लागतो पण दिसत नाही. आणि सेट-डीफॉल्ट-रेंडरर ऑब्जेक्ट क्लाससाठी लावून "आकड्यांना का लागत नाही" असं विचारणाऱ्यांना उत्तर हे की तुमच्या मॉडेलने कॉलमचा क्लास बिगडेसिमल किंवा डबल सांगितला की टेबल आधी नंबरचा रेंडरर शोधतं आणि तो त्याला सापडतो, तुमच्यापर्यंत पोचतच नाही. हा त्रास नको असेल तर जेटेबलची प्रिपेअर-रेंडरर मेथड ओव्हरराइड करा, तिच्यातून सगळ्या कॉलमचे सगळे सेल जातात. फक्त तिथे सुपर-प्रिपेअर-रेंडररमधून कंपोनंट हाती येतो तेव्हा रेंडररचं काम होऊन गेलेलं असतं, म्हणून त्या कॉलच्या आधीच रेंडररचा रंग नल करायला विसरू नका.

रंग गेला, पण बदल कुठे लिहायचा?

वरचं केलं की हळद उतरते आणि मग खरा प्रश्न समोर येतो. "बदललाय का" हे रेंडररला कळणार कुठून? इथे लोक जे करतात ते बघून मला रडू येतं. रेंडररमध्येच एक मागची-व्हॅल्यू नावाचं फील्ड ठेवायचं आणि नवी व्हॅल्यू वेगळी आली की बदल समजायचा. अरे, शिक्क्याला मागची व्हॅल्यू म्हणजे शेजारच्या सेलची! लासलगावचा १,४५० आणि खाली येवल्याचा १,३८०, शिक्का म्हणतो बदलला. जिथे रेंडरर पुन्हा पुन्हा वापरला जातो तिथे त्याच्या पोटात काहीच ठेवायचं नाही.

बदल बाहेर लिहायचा. मी त्याला वही म्हणतो, कोडमध्येही क्लासचं नाव बदलवहीच आहे, गुजराती कलीगने आक्षेप घेतला नाही कारण त्यांच्याकडेही वही वहीच. आतमध्ये साधा हॅशमॅप (ओळख दिली की नोंद शोधून देणारी यादी), त्यात 'की' म्हणजे ओळीची ओळख अधिक कॉलमचं नाव, आणि व्हॅल्यू म्हणजे कधी बदललं ती वेळ आणि आधीचा दर. डेटा आला की मॉडेल जुनं-नवं ताडून बघतं आणि वहीत नोंद करतं, रेंडरर फक्त वही उघडून विचारतो की या सेलची नोंद आहे का. रेंडररने वहीत लिहायचं नाही. एकाने केलं होतं, "रंगवून झालं की नोंद पुसून टाक", म्हणजे माउस वरून गेला, रिपेंट झालं, आणि युजरने बघायच्या आधीच रंग गायब.

ओळीची ओळख म्हणजे काय, यावर आमचा एक अख्खा दिवस गेला. पहिली चूक म्हणजे ओळ क्रमांक. युजरने हेडरवर क्लिक करून सर्वसाधारण दरावर सॉर्ट केलं की सातवी ओळ तिसरी होते आणि पिवळा रंग सातव्या जागी तसाच बसतो, खाली माणूस बदलला तरी खुर्ची पिवळी. स्विंगमध्ये रेंडररला मिळणारा ओळ क्रमांक आणि कॉलम क्रमांक हे दोन्ही दिसणाऱ्या क्रमाचे असतात, मॉडेलमधले नाही. कन्व्हर्ट-रो-इंडेक्स-टू-मॉडेल आणि कॉलमसाठी कन्व्हर्ट-कॉलम-इंडेक्स-टू-मॉडेल या दोन्ही लावाव्या लागतात, आणि दुसरी सगळे विसरतात कारण कॉलम ओढून इकडचा तिकडे करून टेस्ट कुणी करत नाही. आमचे अण्णा करतात. त्यांना आवक सगळ्यात शेवटी हवी असते.

दुसरी चूक माझी. की म्हणून बाजार समितीचं नाव घेतलं. पण लासलगावच्या दोन ओळी असतात, लाल आणि उन्हाळी, आणि लालचा भाव हलला की उन्हाळी पण पिवळा. मग समिती अधिक जात असं केलं. मग कळलं की लिलावाचं सत्रही वेगळं येतं. आता की तीन तुकड्यांची आहे. तुमच्या डेटात खरी ओळख कशाने पटते हे डेटा देणाऱ्याला विचारा, अंदाजाने ठरवू नका.

तिसरी चूक जरा आतली आहे आणि हिचं लक्षण उलटं, रंग येतच नाही. कुणीतरी ओळीचा ऑब्जेक्टच हॅशमॅपची की म्हणून वापरलेला असतो आणि त्याच्या हॅशकोडमध्ये (ज्यावरून हॅशमॅप कप्पा ठरवतो तो आकडा) सगळी फील्ड्स, दर धरून. दर बदलला की हॅशकोड बदलतो, नोंद एका कप्प्यात आणि शोध दुसऱ्या कप्प्यात. नोंद वहीत आहे, डीबगरमध्ये डोळ्यांना दिसते, आणि गेट केलं की नल. मी स्वतः अशा ठिकाणी रात्री साडेअकरापर्यंत बसलोय.

काहीच बदललं नाही तरी पिवळं

हे तिसरं लक्षण. दर पाच मिनिटांनी पूर्ण शीट ताजं होतं आणि दर पाच मिनिटांनी सगळं पिवळं लखलखतं. इथे रेंडररचा काही दोष नाही, ताडून बघण्याचा आहे. जावात बिगडेसिमलचं इक्वल्स दशांशांची संख्याही बघतं, म्हणजे १४५०.० आणि १४५०.०० हे त्याच्या लेखी वेगळे. डेटाबेसमधून आलेला दर दोन दशांशांचा, जेसनमधून आलेला एका दशांशाचा, झालं, सगळी ओळ बदलली. कंपेअर-टू वापरा, ते शून्य आलं तर सारखे. पैशांशी काम करणाऱ्या प्रत्येकाला हे आयुष्यात एकदा चावतंच.

तसंच रिकाम्या सेलचं. लिलाव सुरू व्हायच्या आधी दर नल येतो, कधी रिकामी स्ट्रिंग येते, कधी शून्य येतं. नल ते शून्य हा बदल धरायचा का? आमच्याकडे नाही धरत. आणि पहिल्यांदा शीट उघडल्यावर जुनं काहीच नसतं, तेव्हा वही बंद ठेवायची, नाहीतर सकाळी ऑफिस उघडताच हळदी समारंभ. नवीन ओळ आली तर तिला वेगळा हलका निळा दिलाय, तो बदल नाही, पाहुणा आहे.

रंगावरून आठवलं, चढला तर हिरवा आणि उतरला तर लाल असं सुरुवातीला केलं होतं. एक खरेदीदार म्हणाले, "भाव चढला की माझ्या पोटात गोळा येतो आणि तुम्ही हिरवा दाखवताय." विकणाऱ्याला बरोबर उलटं वाटतं. शेवटी सगळ्यांना पिवळा आणि शेजारी बारीक बाण.

विझवायचं कसं

पहिल्या व्हर्जनमध्ये प्रत्येक बदललेल्या सेलला वेगळा टायमर होता, तीन सेकंदांनी तो सेल रिपेंट कर म्हणून. लिलाव रंगात आला की शंभरेक टायमर एकाच वेळी, आणि प्रत्येकाने सुरू होतानाचा दिसणारा ओळ क्रमांक धरून ठेवलेला. मधल्या तीन सेकंदांत युजरने सॉर्ट केलं की टायमर भलताच चौकोन रिपेंट करतो आणि खरा सेल पिवळाच राहतो, माउस फिरवेपर्यंत. "रंग जात नाही, पण हात लावला की जातो" असं कुणी म्हणालं की हेच.

आता अख्ख्या टेबलाला मिळून एकच जावाएक्स स्विंगचा टायमर आहे, पाव सेकंदाने चालतो, वही चाळतो, मुदत संपलेल्या नोंदी काढतो आणि त्या त्या सेलचा आत्ताचा चौकोन (गेट-सेल-रेक्ट) काढून तेवढाच रिपेंट करतो. कन्व्हर्ट-रो-इंडेक्स-टू-व्ह्यूने उणे एक दिला तर ती ओळ फिल्टरमुळे लपलेली आहे, ती सोडून द्यायची. वही रिकामी झाली की टायमर थांबवायचा. हा टायमर स्विंगच्याच थ्रेडवर वाजतो म्हणून बरं, युटिल पॅकेजमधला टायमर घेतलात तर तो दुसऱ्या थ्रेडवर वाजतो आणि मग कधीतरी, महिन्यातून एकदा, कुणालाच रिप्रोड्यूस न होणारं काहीतरी होतं. डेटा ज्या थ्रेडवर येतो तिथूनही मॉडेलला थेट हात लावू नका, इन्व्होक-लेटरमधून (काम स्विंगच्या थ्रेडवर पाठवणारी मेथड) जा.

तीन सेकंद पुरतात का हा वेगळा वाद. डेव्हलपर स्क्रीनकडे बघत बसलेला असतो, व्यापारी फोनवर असतो. आमच्या लोकांनी सांगितलं की चहा पिऊन आल्यावरही दिसलं पाहिजे काय हललं ते. म्हणून दोन पायऱ्या केल्या, तीन सेकंद गडद पिवळा, नंतर फिकट, आणि तो फिकट रंग "बघितलं" बटण दाबेपर्यंत राहतो. हे सगळं जमलं ते बदल वहीत आहे म्हणूनच, शिक्क्यावर रंग असता तर कुठला फिकट नि कुठला गडद.

एक-दोन बारीक गोष्टी. एक दर बदलला म्हणून फायर-टेबल-डेटा-चेंज्ड करू नका, युजरचं सिलेक्शन उडतं. आणि फायर-टेबल-स्ट्रक्चर-चेंज्ड तर अजिबातच नको, टेबल कॉलम नव्याने बनवतं आणि कॉलमवर लावलेला तुमचा रेंडररच जातो, मग "सकाळी रंग येत होता, दुपारनंतर बंद झाला". सॉर्ट केलेल्या कॉलमात दर बदलला की ओळ उडी मारावी का, तर सेट-सॉर्ट्स-ऑन-अपडेट्स मुळात बंद असतं आणि बंदच ठेवा. बघता बघता ओळ पायाखालून सरकली की माणूस पिवळं बघणार की ओळ शोधणार?

फोनवर हेच, पण वेगळ्या चेहऱ्याने

अँड्रॉइडमध्ये एकच शिक्का नसतो, लग्नाच्या पंगतीतली ताटं असतात. स्क्रीनवर मावतील तेवढी आणि वर थोडी, तीच ताटं उचलून पुढच्या पंगतीला. ताट धुतलं नाही तर आधीच्या पाहुण्याची कोशिंबीर पुढच्याच्या पानात. म्हणून इथलं लक्षण सगळं पिवळं असं नसून, लासलगाव पिवळा झाला, खाली स्क्रोल केलं आणि दहा-बारा ओळींनी सोलापूर पिवळा, जिथे आज काही हललंच नाही. कारण तेच, ऑन-बाइंड-व्ह्यू-होल्डरमध्ये (ओळीचा डेटा ताटात वाढणारी मेथड) इफ आहे, एल्स नाही. बाइंडमध्ये जे जे लावता ते ते प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी लावा, रंग, बाण, दिसणं-लपणं, सगळं.

एल्स लावूनही सांडत असेल तर ॲनिमेशन बघा. पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत विरघळणारं ॲनिमेशन चालू असताना ओळ वर सरकून गेली, ताट दुसऱ्या ओळीला लागलं, पण ॲनिमेशन त्या ताटावर अजून चालूच आहे, आणि बाइंडने लावलेला पांढरा रंग पुढच्याच फ्रेमला पुन्हा पिवळा. बाइंडच्या पहिल्या ओळीत जुनं ॲनिमेशन कॅन्सल करायचं, आणि ऑन-व्ह्यू-रिसायकल्डमध्येही.

मग एक राहतं, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मुदत संपल्यावर रंग काढायला मी फाइंड-व्ह्यू-होल्डर-फॉर-ॲडॉप्टर-पोझिशन वापरून थेट ताटाचा रंग पुसत होतो, नल आला तर म्हणायचो की ती ओळ स्क्रीनवर नाही, परत येईल तेव्हा बाइंड होईलच. होत नाही ना! नुकत्याच स्क्रीनबाहेर गेलेल्या ओळींपैकी साधारण दोन व्ह्यू रिसायकलरव्ह्यू न धुता बाजूला ठेवतो, आणि युजर लगेच मागे फिरला तर तीच ताटं बाइंड न करता तशीच परत मांडतो. म्हणजे एक-दोन ओळी वर-खाली केलं की जुना पिवळा हजर, लांब जाऊन आलं की नाही. असं लक्षण दिसलं की हेच. उपाय म्हणजे थेट व्ह्यूला हात न लावता नोटिफाय-आयटम-चेंज्ड करायचं, मग बाजूला ठेवलेलं ताटही धुवायला जातं. फक्त सोबत पेलोड (नेमकं काय बदललं ती चिठ्ठी) द्या, नुसतं केलंत तर डीफॉल्ट ॲनिमेटर जुनं ताट विरवून नवं आणतो आणि अख्खी ओळ लुकलुकते.

लिस्टॲडॉप्टर आणि डिफयुटिल (जुनी-नवी यादी ताडून फरक काढणारी अँड्रॉइडची साधनं) वापरणाऱ्यांसाठी, जुन्याच लिस्टमधल्या ऑब्जेक्टचा दर बदलून तीच लिस्ट सबमिट केलीत तर काहीच होणार नाही. जुनं आणि नवं एकच असेल तर ताडणार काय? नवी लिस्ट, बदललेल्या ओळीचा नवा ऑब्जेक्ट.

वेबवाल्यांसाठी थोडक्यात

एजी ग्रिडमध्ये (वेबपानावर टेबल दाखवणारी लायब्ररी) सेल-क्लासमधून पिवळा क्लास लावला की तो सेल रिफ्रेश झाल्यावर आपोआप निघत नाही, त्यासाठी सेल-क्लास-रूल्स आहेत, ते लावतातही आणि काढतातही. गेट-रो-आयडी दिला नाही आणि पूर्ण रो-डेटा नव्याने दिला तर ग्रिड सगळ्या ओळी नव्या समजतं, मग ताडून बघायला जुनं काही उरतच नाही आणि फ्लॅश होत नाही. ग्रिडचं स्वतःचं सेल-चेंज-फ्लॅश आहे, मुळात ५०० मिलिसेकंद चमकतं आणि पुढच्या १००० मिलिसेकंदांत विरतं, दिसायला सुंदर, पण स्क्रीनवर असलेल्या सेललाच. खाली नव्वदाव्या ओळीत भाव हलला आणि युजर पाच सेकंदांनी तिथे पोचला तर त्याला काही दिसणार नाही. तिथे परत वहीच काढावी लागते, की तीच, समिती अधिक जात अधिक सत्र.

टेस्ट करताना मी आता नेहमी हे करतो. खोटा डेटा देऊन एकच सेल हलवायचा, लगेच खिडकी मिनिमाईज करून वर आणायची, मग त्याच कॉलमवर सॉर्ट, मग आवकेचा कॉलम ओढून शेवटी, मग फिल्टर लावून ती ओळ लपवायची आणि मुदत संपल्यावर फिल्टर काढायचा, आणि फोनवर दोन ओळी खाली जाऊन लगेच परत. सगळं मिळून दीड मिनिट लागतं आणि पोरं कंटाळा करतात, मग मी त्यांना अण्णांचा नंबर देतो.